एकट्याचा पडदा आणि चारचौघांची विद्या

'विज्ञान : शाप कीं वरदान' हा विषय निबंधास घातला नाहीं असें एकही वर्ष आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यावर विद्यार्थी काय लिहितात तें आम्हांस आतां तोंडपाठ झालें आहे. आरंभीं वाफेचें यंत्र, मध्यें विजेचा दिवा, मग अणुबाँब, आणि शेवटीं दुधारी शस्त्राची उपमा. अलीकडे अणुबाँबच्या जागीं मोबाईल आला आहे, इतकाच फरक. गुण देतांना आम्ही हात आखडता घेत नाहीं. परंतु दर खेपेस मनांत एकच शंका येते कीं, मुळांत प्रश्नच वांकडा विचारला जात आहे. यंत्र शाप आहे कीं वरदान हें यंत्रास विचारून कळत नाहीं. तें कोणाच्या हातीं आहे, कोणाच्या हातीं नाहीं, आणि तें घेऊन माणूस एकटा बसला आहे कीं त्याच्या शेजारीं आणखी कोणी आहे, हें पाहिल्यावांचून उत्तर निघावयाचें नाहीं.

हें सर्व आज लिहावयाचें कारण असें कीं, यंदाच्या पालकसभेंत दोन सूचना पुढें आल्या. कांहीं पालकांचें म्हणणें असें पडलें कीं, सर्व गृहपाठ रात्रीं मोबाईलवरील ग्रुपवर पाठवावा, म्हणजे काळ बदलला त्याप्रमाणें शाळाही बदलली असें होईल. दुसऱ्या कांहींचें म्हणणें याच्या अगदीं उलट. शाळेनें मोबाईलचें नांवही काढूं नये, मुलें त्यानेंच बिघडलीं. दोन्हीकडील मंडळी तळमळीनें बोलत होती, व दोघांचीही तळमळ खरी होती. तरी पण आम्हांस या दोन्ही सूचना मान्य नाहींत, आणि कां मान्य नाहींत हें सांगणें हाच या लेखाचा हेतु आहे.

नवें साधन आलें कीं समाज प्रथम बिचकतो, हें कांहीं आजचें नव्हे. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं छापखाना काढला तेव्हां शाईंत चरबी असते म्हणून सोंवळ्यांतील लोक छापील पोथीस शिवत नसत, आणि त्यांना तुपाची शाई करून धर्मग्रंथ छापावे लागले, अशी हकीकत सांगतात. मिशनच्या छापखान्यांतून निघालेल्या कागदांचें भय तर त्याहून अधिक. असें असूनही १८३२ सालीं बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' निघालें, १८४२ सालीं अहमदनगरास 'ज्ञानोदय' निघाला, आणि पुढील पिढ्यांत छापील अक्षर सोंवळ्या-ओंवळ्याचा विचार न करितां घरोघर गेलें.

आमच्या वरोऱ्यापुरतें बोलावयाचें तर आगगाडीचें उदाहरण अधिक जवळचें. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा फांटा १८७० नंतरच्या दशकांत घातला गेला, तो येथील माणसांची सोय पाहून नव्हे, तर येथील खाणींतील कोळसा बाहेर न्यावा म्हणून. ती खाण १९०६ सालीं बंद पडली. रूळ मात्र राहिले. आणि ज्या गाडीनें कोळसा गेला तिच्याच मागून आलेल्या गाड्यांनीं टपाल आलें, वर्तमानपत्रें आलीं, आणि येथील मुलें नागपूरच्या महाविद्यालयांत जाऊं लागलीं. गाडी आमच्यासाठीं आली नव्हती. तिचा उपयोग आमच्या लोकांनीं आपल्या बुद्धीनें करून घेतला. हातांतील मोबाईलचेंही असेंच आहे. त्यांतील बहुतेक फुकट दिसणाऱ्या गोष्टी आमच्या मुलांचें शिक्षण व्हावें म्हणून निर्माण झालेल्या नाहींत. माणसाची नजर जितका वेळ पडद्यावर खिळून राहील तितकी जाहिरात विकली जाते, आणि ती नजर हाच त्या धंद्याचा कोळसा आहे. ही गोष्ट एकदां नीट ध्यानांत आली म्हणजे रागही उरत नाहीं व भुलावणही उरत नाहीं. आपला उपयोग आपणच शोधावा लागेल एवढें समजतें.

हा उपयोग कोठें होत आहे हें पाहावयाचें असेल तर वर्गांत नव्हे, शेताच्या धुऱ्यावर जावें. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठ्यानें करावयाची पिकाची नोंद आतां कास्तकारानें स्वतः शेतांत उभें राहून, मोबाईलवर पिकाचें छायाचित्र काढून करावयाची असते. सोयाबीन उभें आहे कीं कापूस, तूर किती, विहीर आहे कीं नाहीं, सर्व त्यांत भरावें लागतें. ज्याच्या डोळ्यांस जवळचें दिसत नाहीं व बोटें नांगराच्या रुमण्यानें राठ झालीं आहेत असा बाप तें कसें करणार? तो रविवारीं नववी-दहावींतील मुलास किंवा मुलीस सोबत नेतो. सातबाऱ्याचा उतारा काढणें, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणें, आजीच्या बँकेच्या खात्यांत पैसे आले कीं नाहीं तें पाहणें, हींही कामें याच मुलांकडे आलीं आहेत. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचा प्रवेशही साऱ्या राज्यांत इंटरनेटवरूनच होऊं लागला, त्यामुळें दहावीच्या निकालानंतर गांवांतील चार घरचे अर्ज एकाच हुशार मुलीनें भरून दिल्याचें आम्हीं पाहिलें आहे. पूर्वीं गांवांत पत्र आलें म्हणजे शाळेंत जाणाऱ्या पोरास बोलावणें येई. त्यानें तें मोठ्यानें वाचावें, आणि ओट्यावर बसलेल्यांनीं ऐकावें. तो वाचणारा पोरगा गांवांत पुन्हां आला आहे. पत्राच्या जागीं पडदा आहे एवढेंच. या कामास कोणत्याही प्रगतिपुस्तकांत रकाना नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

मात्र याच ठिकाणीं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी काम जितकें मोबाईलवर जातें तितकें, ज्याच्याकडे मोबाईल नाहीं किंवा ज्याच्या गांवीं रेंज नाहीं, त्याच्यापासून तें दूर जातें. वरोऱ्यास हें फारसें जाणवत नाहीं. परंतु आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत भामरागड, एटापल्ली या भागांतील रानांतील गांवांचा विचार करा. नक्षलग्रस्त भागांतील जुने मनोरे वेगवान इंटरनेटयोग्य करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें घेतला तोच २०२२ सालीं, म्हणजे शहरांतील मुलें घरबसल्या शिकूं लागल्यावर दोन वर्षांनीं. आणि रेंज आली तरी त्या पडद्यावर माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलास आपली भाषा कितीशी भेटते? गोंडीसाठीं मंगलसिंह मसराम यांनीं १९१८ सालीं लिपि रचली. संगणकाच्या जागतिक अक्षरसंचांत तिला स्थान मिळालें २०१७ सालीं. मधलीं ९९ वर्षें ती लिपि हातानें लिहिणाऱ्यांनींच जिवंत ठेविली.

आतां शिकण्याविषयीं. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची मोठी आवृत्ति १८५७ सालीं निघाली, तो आमच्या विद्यार्थिदशेंत ग्रंथालयाच्या कपाटांत कुलपाखालीं असे, व पाहावयाचा तर ग्रंथपालांच्या समोर उभें राहून पाहावा लागे. आज तोच कोश शिकागो विद्यापीठाच्या कृपेनें टेमुर्ड्याच्या मुलास बसची वाट पाहतांना चाळतां येतो. दाते-कर्वे मंडळींचा १९३२ ते १९३८ या काळांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोशही त्याच्या शेजारींच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं ज्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, तो मराठी विश्वकोश फुकट वाचावयास मिळतो. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें मिळतात. एखाद्या संस्थानिकाच्या ग्रंथसंग्रहांतही पूर्वीं इतकें नसे, आणि हें सर्व शेतमजुराच्या मुलासही खुलें आहे. ज्यांस हें वैभव वाटत नाहीं त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं; त्यांनीं कधीं ग्रंथालयाबाहेर ताटकळत उभें राहून पाहिलें नसेल.

आठवीच्या वर्गांत आम्हीं एक खेळ केला. प्रत्येकानें घरीं आजी-आजोबांकडून एक जुना शब्द विचारून आणावा, आणि चौघांमिळून एका पडद्यावर तो कोशांत शोधावा. कांहीं शब्द सांपडले. त्यांचा अर्थ दीडशे वर्षांपूर्वीं काय होता तें वाचून मुलें चकित झालीं. कांहीं सांपडले नाहींत. एक मुलगा म्हणाला, "मग आजीचा शब्द खोटा काय, सर?" दुसऱ्यानें लगेच उत्तर दिलें कीं, पुस्तक लिहिणारा तिच्या घरीं आलाच नसेल. न सांपडलेल्या शब्दांची वही अजून वर्गाच्या कपाटांत आहे व ती वाढत आहे. हा तास एकेकट्यानें आपापल्या मोबाईलवर केला असता तर, आमची खात्री आहे, शब्द सांपडला नाहीं कीं मूल दुसरीकडे वळलें असतें.

आणखी एका बाबतींत आम्ही या यंत्राचे निःसंशय ऋणी आहों. आमच्या गांवाच्या वेशीवर बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं वसविलेल्या आनंदवनांत अंध मुलांची शाळा आहे, हें येथील प्रत्येक घरास ठाऊक आहे. ब्रेल लिपींतील पुस्तक ज्यानें हातीं घेतलें असेल त्यास कळेल कीं, डोळसांचें जें पुस्तक दप्तराच्या एका कप्प्यांत मावतें तें ब्रेलमध्यें अनेक जाडजूड खंडांचें होतें. छपाई महाग, प्रती थोड्या. मायकेल करन या ऑस्ट्रेलियांतील अंध तरुणानें २००६ सालीं पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी एक आज्ञावली लिहावयास घेतली. तशा आज्ञावल्या त्यापूर्वींही होत्या, परंतु त्यांची किंमत संगणकाहूनही भारी पडे. करन व त्याचा अंध मित्र जेम्स टेह या दोघांनीं आपली एन. व्ही. डी. ए. ही आज्ञावली सर्वांस फुकट दिली, आणि आज ती जगांतील अनेक भाषा वाचते. आपल्या देशांतही २०१६ सालीं 'सुगम्य पुस्तकालय' या नांवानें दृष्टिहीनांसाठीं इंटरनेटवरील ग्रंथालय उघडलें. मोबाईल हें चोचल्याचें साधन आहे असें जे सरसकट म्हणतात, त्यांनीं एखादा अंध विद्यार्थी कानास यंत्र लावून कसा झपाट्यानें वाचतो तें एकदां पाहावें.

परंतु जें वाचून दाखवितें तेंच आतां लिहूनही देऊं लागलें आहे, आणि येथें आमचा जीव थोडा खालवर होतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी निघालें, व त्यानंतर निबंधाच्या वह्यांत एक नवीन भाषा दिसूं लागली. ती शुद्ध असते, गुळगुळीत असते, आणि तिच्यांत कोणाचेंच घर नसतें. परवां 'माझें शेत' या विषयावरील एका निबंधांत आंब्याच्या डोलणाऱ्या राया होत्या, झुळझुळणारा ओढा होता, कोकणांतील म्हणून शोभावें असें सर्व होतें. ज्या मुलानें तो दिला त्याच्या शेतांत बाभळीच्या दोन झाडांखेरीज सावली नाहीं. आम्हीं त्यास रागें भरलों नाहीं. वखराची पास बोथट झाली म्हणजे तूं काय करतोस तें सांग, म्हणून विचारलें. तो दहा मिनिटें थांबला नाहीं. तेंच लिहून आण म्हटलें तेव्हां मात्र तोंड पडलें, कारण बोलणें सोपें व लिहिणें कठीण. हें कठीण काम टाळतां येतें, हीच या यंत्राची खरी लालूच आहे. ज्याला आधींच लिहितां येतें त्यास तें मदत करील. ज्यास अजून यावयाचें आहे त्याचा हात तें लुळा ठेवील. म्हणून निबंध वर्गांतच, समोर, शाईनें लिहवून घेण्याचा आमचा क्रम यापुढेंही चालूं राहील, मग कोणी आम्हांस जुनाट म्हटलें तरी चालेल.

एवढें झाल्यावर २०२० सालाकडे वळूं, कारण या सर्व प्रश्नाची खरी परीक्षा तेव्हांच झाली. मार्च महिन्यांत शाळा बंद झाल्या. मोबाईलवर शिकवा असें सांगणें सोपें होतें. परंतु राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणींत ग्रामीण भारतांतील शंभर घरांपैकीं सुमारें १५ घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती. संगणक तर शंभरांत चार-पांच. त्यानंतर मोबाईल वाढले हें खरें, तरी एका घरांत एक मोबाईल आणि तीन मुलें हा हिशेब कसा सोडवावयाचा? ज्यांनीं तो सोडविला त्यांनीं तो कसा सोडविला तें पाहण्यासारखें आहे. सोलापुरास नीलमनगर भागांत शिक्षकांनीं घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगविले. मुलांनीं अंतर राखून भिंतीपुढें उभें राहावें व शिकावें. पालघर जिल्ह्यांतील आदिवासी पाड्यांवर ध्वनिवर्धकावरून धडे ऐकविले गेले. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, आणि ज्या घरीं दूरचित्रवाणी संच होता तेथें शेजारचीं मुलेंही येऊन बसूं लागलीं. या तिन्ही ठिकाणीं साधन निराळें. परंतु भिंत, भोंगा आणि संच हीं तिन्ही साधनें अनेकांचीं आहेत. आमच्या स्वतःच्या वर्गांतही त्या वर्षीं जीं मुलें चौघांत मिळून एका मोबाईलपुढें, कोणाच्या तरी ओसरीवर बसत होतीं, तीं स्वतःचा मोबाईल असलेल्या कित्येक मुलांहून पुढें राहिलीं. त्याचें कारण आम्ही बरेच दिवस शोधीत होतों.

तें कारण आम्हांस सांपडलें एका फार जुन्या प्रयोगांत. १९५६ सालीं फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुण्याच्या आसपासच्या पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवीं आकाशवाणी व युनेस्को यांनीं रेडिओ शेतकरी मंडळें चालविलीं. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गांवांतील वीसेक माणसें एका रेडिओभोंवतीं बसत. कार्यक्रम संपला कीं रेडिओ बंद, आणि मग खरें काम सुरू होई. ऐकलेल्या गोष्टीची चर्चा, शंका, वाद, आणि आपल्या गांवीं तिचें काय करावयाचें याचा विचार. त्यांचे प्रश्न पुन्हां आकाशवाणीकडे जात व त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत मिळत. पॉल न्यूराथ यांनीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साह्यानें या प्रयोगाची तपासणी केली. तींत आढळलें तें असें कीं, मंडळें असलेल्या गांवांतील लोकांचें ज्ञान पुष्कळ वाढलें. परंतु ज्या गांवांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, तेथें वाढ नांवापुरती. हें वाक्य पालकांनीं कृपा करून दोनदां वाचावें. रेडिओ दोन्हीकडे होता. फरक होता तो रेडिओ बंद झाल्यानंतर काय झालें याचा.

करमणुकीसही आम्ही हीच कसोटी लावतों. आमचा तालुका कापूस-सोयाबीनचा, झाडीपट्टीच्या उंबरठ्यावरचा. परंतु चंद्रपूरच्या पूर्वेकडील व गडचिरोली जिल्ह्यांतील ज्या विद्यार्थ्यांचे नातलग तिकडे आहेत त्यांस झाडीपट्टीचें नाटक काय चीज आहे तें सांगावयास नको. धान निघालें कीं दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. मंडई किंवा शंकरपटाच्या निमित्तानें पाहुणे येतात, आणि वडशाच्या नाटकमंडळ्या रात्रभर खेळ करितात. पहांटेपर्यंत थंडींत शालीच्या गांठोड्यांत बसून सारा गांव पाहतो, रडतो, हंसतो, आणि दुसऱ्या दिवशीं धानाच्या खळ्यावर त्याच नाटकावर भांडतो. या रंगभूमीवर आयुष्य घालविणारे परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां साऱ्या झाडीनें तो आपलाच मान समजला. आतां हींच नाटकें यूट्यूबवरही चढविलीं जातात. पुण्यास कामावर गेलेला ब्रह्मपुरीचा तरुण रात्रीं खोलीवर तीं पाहतो व त्यास गांवाची आठवण येते, हें चांगलेंच झालें. जो प्रत्यक्ष बसून नाटक पाहण्यांत वाढला त्यास पडद्यावरील नाटक पुरतें. ज्यानें गर्दींत बसून तें कधीं पाहिलेंच नाहीं, त्याच्या बोटाखालीं तें दहा पळांत सरकून जातें. रीलची वेळच मुळीं तेवढी. आम्हीं कांहीं रील पाहिल्या आहेत; त्यांत गुणी मुलें असतात, विनोदही असतो. परंतु दुसऱ्या दिवशीं वर्गांत विचारावें कीं काल काय पाहिलेंस, तर मूल आठवूं लागतें व त्यास एकही आठवत नाहीं. रात्रभर जागून पाहिलेलें नाटक म्हाताऱ्यांस चाळीस वर्षांनीं आठवतें.

पैशांच्या खेळांविषयीं फार लिहीत नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तें योग्यच झालें. ऑस्ट्रेलियानें तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांचीं खातीं ठेवण्यासच मनाई केली. कायद्यानें दार लोटतां येतें. दाराआड बसलेल्या मुलाशीं बोलणें हें घरच्यांसच करावें लागतें.

आतां मूळ दोन सूचनांकडे येतों. गृहपाठ रात्रीं मोबाईलवर पाठवावा ही सूचना आम्हांस मान्य नाहीं, कारण घरांतील मोबाईल रात्रीं कोणाच्या हातांत असतो हें आम्ही जाणतों. प्रथम बापाच्या, मग भावाच्या, आणि सर्व भांडीं घासून झाल्यावर, चार्जिंग उरलें असेल तर, मुलीच्या. हें आम्ही रागानें लिहीत नाहीं, वह्या पाहून लिहितों. 'प्रथम' या संस्थेच्या २०२४ सालच्या 'असर' पाहणीप्रमाणें ग्रामीण भारतांतील १४ ते १६ वर्षांच्या ज्या मुलांना मोबाईल चालवितां येतो त्यांपैकीं मुलग्यांत शंभरीं ३६ जणांकडे तो स्वतःचा होता, आणि मुलींत शंभरीं २७ जणींकडे. त्याच पाहणींत आदल्या आठवड्यांत शिकण्यासाठीं मोबाईल वापरणारीं मुलें शंभरांत सुमारें ५७ निघालीं, व समाजमाध्यमांसाठीं वापरणारीं सुमारें ७६. रात्रीं नऊ वाजतां ग्रुपवर टाकलेला गृहपाठ सकाळीं जिच्या वहींत नसतो ती मुलगी आळशी नसते. तिच्यापर्यंत तो आलेलाच नसतो. यास्तव गृहपाठ तास संपण्यापूर्वीं फळ्यावर लिहिला जावा व वहींत उतरवून घेतला जावा, असेंच आम्ही म्हणूं.

मोबाईलचें नांवच काढूं नये, ही दुसरी सूचना तर आम्हांस अधिकच घातक वाटते. शाळेनें हात झटकले तर मूल मोबाईल सोडणार नाहीं. तें तो एकटें, दार लावून, पांघरुणाखालीं वापरील, आणि त्यास शिकविणारा म्हणजे पडद्याच्या पलीकडील तो जाहिरात विकणारा. शिवाय ज्या मुलांच्या घरीं मोबाईल नाहीं त्यांस कोश, विश्वकोश, अकरावीचा अर्ज हें सर्व कोण दाखविणार? प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत एका कूशी अधिकाऱ्याची हकीकत आहे. तो राणीचा खजिनदार, रथांत बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत चालला होता. त्या काळीं स्वतःचा ग्रंथ जवळ असणें ही मोठ्या श्रीमंतीची गोष्ट. वाचतांही त्यास येत होतें. उणें होतें तें एवढेंच कीं, शेजारीं कोणी नव्हतें. फिलिप्प धांवत जाऊन रथाशेजारीं आला, वर चढून त्याच्याजवळ बसला, आणि त्यानंतर त्या वाचनास अर्थ आला. आमच्या मुलांपाशीं रथ आहे, ग्रंथही आहे. शेजारची जागा रिकामी आहे, आणि ती भरणें हें शिक्षकाचें व पालकांचें काम आहे. दहावीस चांगले गुण मिळाले म्हणून मुलास स्वतःचा मोबाईल बक्षीस देण्याची जी चाल पडली आहे, ती आमच्या मतें ही जागा कायमची रिकामी करण्याची चाल आहे. बक्षीस द्यावयाचेंच तर सायकल द्या.

यासाठीं आमची एक योजना आहे, व मुख्याध्यापकांनीं तिला संमति दिली आहे. शनिवारीं शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर दीड तास वाचनालयाची खोली उघडी राहील. संगणकापुढें चौघांनीं बसावयाचें, कमी नाहीं. चौघांत वही एकच, आणि वहींत लिहिणारा दर शनिवारीं बदलेल. तास संपण्यापूर्वीं पंधरा मिनिटें सर्व पडदे बंद होतील, व प्रत्येक गटानें काय पाहिलें तें उभें राहून सांगावें, इतरांनीं शंका विचाराव्या. आठवी-नववीच्या मुलींचे गट प्रथम बसतील. ज्या पालकांस ई-पीक पाहणीचा, शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज समजून घ्यावयाचा असेल त्यांनींही यावें. बाकें लहान आहेत, तरी बसतां येतें. एकच अडचण राहिली आहे. माढेळी, नागरी, टेमुर्डा व शेगांव येथून एस. टी. नें येणाऱ्या मुलांस दुपारची गाडी गांठण्यासाठीं शाळा सुटतांच निघावें लागतें, व तीं या दीड तासास मुकतील. शनिवारपुरती ती गाडी थोडी उशिरा सोडावी असा अर्ज आगारव्यवस्थापकांकडे द्यावयाचा ठरला आहे. अर्ज कार्यालयांत लिपिकांच्या टेबलावर ठेविला आहे. त्यावर त्या गांवांतील पालकांच्या सह्या हव्या आहेत, आणि सहीसाठीं येतांना मुलींच्या आयाही आल्या तर बरें होईल.